एएमटी परत जागा झालाय, २०२६ चं गणित डिसेंबरआधीच मांडून घ्या

अमेरिकेत टॅक्सची कामं करताना गेली सात-आठ वर्षं एक गोष्ट फार सुखाची होती, ती म्हणजे एएमटी हा शब्द क्लायंटसमोर उच्चारावाच लागत नव्हता. अल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स, म्हणजे नेहमीच्या टॅक्सशेजारी वेगळ्या नियमांनी काढायचा दुसरा टॅक्स. सॉफ्टवेअर मागच्या मागे एएमटीचा फॉर्म ६२५१ भरायचं, शेवटी शून्य यायचं, पुढे चला. आता ते दिवस काही लोकांसाठी संपलेत, आणि गंमत अशी की ज्यांचे संपलेत त्यांना अजून पत्ताच नाहीये. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

आधी थोडा इतिहास, अगदी थोडा. जानेवारी १९६९ मध्ये तेव्हाचे ट्रेझरी सेक्रेटरी जोसेफ बार यांनी काँग्रेससमोर सांगितलं की २ लाख डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या १५५ लोकांनी एक पैसाही फेडरल इन्कम टॅक्स भरला नाही. लोक भडकले, त्याच वर्षी मिनिमम टॅक्सचा कायदा आला, आणि आजच्या रूपातला एएमटी १९७८ च्या कायद्यातून आला. घोळ असा झाला की त्यातली सूट, म्हणजे जेवढ्या उत्पन्नावर एएमटी लागत नाही ती रक्कम, महागाईप्रमाणे आपोआप वाढत नव्हती, त्यामुळे १५५ श्रीमंतांसाठी लावलेला सापळा पगारदार माणसांना पकडायला लागला. काँग्रेस दरवर्षी ठिगळ लावायची. शेवटी २०१३ च्या सुरुवातीला सही झालेल्या कायद्याने ती सूट महागाईला कायमची जोडली.

खरा फरक पडला २०१७ च्या टॅक्स कट्स अँड जॉब्स ॲक्टने. २०१७ साली जोडप्याला एएमटीमधली सूट होती ८४,५०० डॉलर, आणि उत्पन्न १,६०,९०० च्या वर गेलं की ती सूट कमी व्हायला लागायची. २०१८ मध्ये सूट झाली १,०९,४०० आणि ती कमी व्हायला लागायची थेट १० लाखांच्या वर. वरून स्टेट आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या वजावटीला, ज्याला सगळे सॉल्ट म्हणतात, १०,००० ची मर्यादा आली, पर्सनल एक्झम्प्शन (घरातल्या माणशी मिळणारी वजावट) गेलं, म्हणजे एएमटी ज्या वजावटी उत्पन्नात परत जोडायचा त्याच मुळात उरल्या नाहीत. परिणाम काय, तर २०१७ ला साधारण ५० लाख लोक एएमटी भरत होते, २०१८ ला दोन-अडीच लाख. कंपन्यांवरचा जुना एएमटी तर रद्दच केला (नंतर २०२२ मध्ये अवाढव्य कंपन्यांसाठी वेगळा १५ टक्केवाला आला, पण तो आपला विषय नाही).

यातलं व्यक्तींसाठीचं सगळं ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार होतं. ४ जुलै २०२५ ला वन बिग ब्युटिफुल बिल ॲक्टवर सही झाली आणि बातम्यांमध्ये सगळीकडे एकच ओळ आली, की एएमटीची वाढीव सूट आता कायम झाली. ते खरं आहे. पण त्याच कायद्यात २०२६ पासून दोन बदल आहेत, आणि सगळा घोळ तिथे आहे.

पहिला बदल, सूट कमी व्हायला लागायची पातळी मागे खेचली. २०२५ मध्ये जोडप्यासाठी ती १२,५२,७०० होती आणि सिंगलसाठी ६,२६,३५०. २०२६ मध्ये परत २०१८ च्या आकड्यावर, १० लाख आणि ५ लाख. दुसरा बदल, सूट कमी होण्याचा वेग दुप्पट केला. आधी पातळीच्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे २५ सेंट सूट जायची, आता ५० सेंट जाते. सूट स्वतः थोडी वाढलीच आहे, २०२५ ला जोडप्याला १,३७,००० आणि सिंगलला ८८,१००, २०२६ ला १,४०,२०० आणि ९०,१००. म्हणजे वरून बघणाऱ्याला वाटतं छान झालं, सूट वाढली. पण २०२५ मध्ये जोडप्याची सूट पूर्ण संपायला उत्पन्न १८ लाखांच्या वर जावं लागायचं, आता १२,८०,४०० ला खेळ खलास. सिंगलसाठी ६,८०,२०० ला.

आता हिशोब कसा करायचा ते बघू. एएमटी म्हणजे तुमच्या टॅक्सवर लावलेला जादा टक्का असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, ते एक समांतर रिटर्न आहे. तेच वर्ष, तोच माणूस, पण नियम वेगळे. दोन्ही टॅक्स काढायचे, एएमटीवाला जास्त आला तर फरक भरायचा. बस.

पहिलं काम, तुम्ही या भानगडीत येता का ते ठरवा. फक्त पगार असेल, आरएसयू (कंपनी पगारासोबत देते ते शेअर) असतील, नॉन-क्वालिफाइड ऑप्शन (टॅक्सची खास सवलत नसलेले शेअर ऑप्शन) असतील, ईएसपीपी (कर्मचाऱ्यांना सवलतीत शेअर घ्यायची योजना) असेल, तर यातल्या एकामुळेही एएमटीमध्ये वेगळी भर पडत नाही. दर हंगामात कुणीतरी घाबरून विचारतंच की आरएसयू व्हेस्ट झाले (म्हणजे हक्काचे झाले) आता एएमटी लागणार का, तर नाही, ते डब्ल्यू-२ मध्ये (पगाराच्या वार्षिक दाखल्यात) आलेलं साधं उत्पन्न आहे. नुसता पगार २० लाख डॉलर असला तरी सहसा एएमटी लागत नाही कारण ३७ टक्के दराने नेहमीचाच टॅक्स जास्त येतो. सावध व्हायचं ते या लोकांनी: ज्यांच्याकडे आयएसओ म्हणजे इन्सेंटिव्ह स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) आहेत आणि यंदा एक्सरसाइज करायचेत, म्हणजे ते शेअर प्रत्यक्ष घ्यायचेत, ज्यांना यंदा मोठा लाँग टर्म कॅपिटल गेन (वर्षाहून जास्त ठेवलेली गुंतवणूक विकून नफा) होणार आहे, आणि ज्यांच्या म्युनिसिपल बाँड फंडात प्रायव्हेट ॲक्टिव्हिटी बाँड (खाजगी कामांसाठी काढलेले सरकारी बाँड) आहेत. तिसऱ्यांसाठी १०९९-डिव्ह या डिव्हिडंडच्या फॉर्मवर बॉक्स १३ मध्ये आकडा असतो, तो बघा, बहुतेकदा किरकोळ असतो.

दुसरं काम, एएमटीचं उत्पन्न काढा. नेहमीचं टॅक्सेबल इन्कम घ्या आणि त्यात परत मिळवा: स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेतलं असेल तर ते पूर्ण, आयटमाइज केलं असेल (एकेक खर्च दाखवून वजावट घेतली असेल) तर त्यातला फक्त सॉल्टचा भाग (घराच्या कर्जाचं व्याज आणि देणग्या एएमटीमध्येही चालतात), आणि आयएसओचा स्प्रेड. स्प्रेड म्हणजे एक्सरसाइजच्या दिवशीची बाजारकिंमत वजा तुम्ही भरलेली किंमत, गुणिले शेअर. हे आकडे कंपनी फॉर्म ३९२१ वर देते, बॉक्स ३ मध्ये तुम्ही दिलेली किंमत, बॉक्स ४ मध्ये त्या दिवशीचा भाव, बॉक्स ५ मध्ये शेअरची संख्या. हा फॉर्म रिटर्नमध्ये भरला नाही तरी सॉफ्टवेअर काही ओरडत नाही, आणि म्हणूनच लोक तो ड्रॉवरमध्ये टाकून विसरतात. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका क्लायंटला ३९२१ आलाय का हे विचारायचंच विसरलो होतो, नंतर सुधारित रिटर्न भरावं लागलं, व्याजासकट. तेव्हापासून माझ्या प्रश्नांच्या यादीत तो प्रश्न पहिला आहे.

तिसरं काम, सूट वजा करा, आणि उरलेल्याला दर लावा. २०२६ मध्ये पहिल्या २,४४,५०० वर २६ टक्के, त्याच्या वर २८.

उदाहरण घेऊ. जोडपं, पगार मिळून ४ लाख. घराचं व्याज २०,०००, स्टेट आणि प्रॉपर्टी टॅक्स ३०,०००. टॅक्सेबल इन्कम ३,५०,०००, त्यावर २०२६ चा नेहमीचा टॅक्स ६९,१९६. यातल्या एकाने ३ लाख स्प्रेडचे आयएसओ एक्सरसाइज केले आणि विकले नाहीत. एएमटीचं उत्पन्न झालं ३,५०,००० अधिक ३०,००० अधिक ३,००,०००, म्हणजे ६,८०,०००. सूट पूर्ण मिळते, १,४०,२००. उरले ५,३९,८००. टॅक्स १,४६,२५४. फरक ७७,०५८ डॉलर, आणि हातात एक डॉलरही आलेला नाही, नुसते शेअर आलेत, तेही कदाचित खाजगी कंपनीचे, जे विकताही येत नाहीत.

चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कुणी करत नाही. उलट दिशेने गणित करायचं, की एएमटी शून्य राहील अशा बेताने किती एक्सरसाइज करता येईल. वरच्याच जोडप्याचं बघा. आयएसओ न धरता एएमटीचा टॅक्स येतो ६२,३४८, नेहमीचा ६९,१९६. मधे ६,८४८ ची मोकळी जागा आहे. ती जागा भरेपर्यंत स्प्रेड घेता येतो, हिशोब केला की साधारण २४,८०० डॉलरचा स्प्रेड येतो. तेवढे शेअर दरवर्षी एक्सरसाइज केले तर एएमटी नाही. पाच वर्षांत हळूहळू सव्वा लाखाच्या आसपास स्प्रेड फुकटात पार पडला की, अर्थात पगार आणि नियम तेच राहिले तर, आणि कंपनीत तेवढं टिकलात तर.

इथेच नव्या कायद्याचा एक आडवळणाचा परिणाम दिसतो. सॉल्टची मर्यादा १०,००० वरून २०२५ ला ४०,००० आणि २०२६ ला ४०,४०० झाली. सगळे खूश, बरोबरच आहे. पण एएमटीमध्ये सॉल्ट चालतच नाही, त्यामुळे तुमचा नेहमीचा टॅक्स खाली आला आणि एएमटीचा तिथेच राहिला, म्हणजे मधली मोकळी जागा आकसली. वरच्या जोडप्याला जर जुनी १०,००० चीच मर्यादा असती आणि त्यांनी आयटमाइज केलं असतं, तर एएमटी न लागता साधारण ४१,९०० चा स्प्रेड घेता आला असता. आता २४,८००. म्हणून मागच्या वर्षीचा आकडा यंदा डोळे मिटून वापरू नका. सॉल्टची वाढीव मर्यादा २०२६ मध्ये ५,०५,००० च्या वर उत्पन्न गेलं की कमी व्हायला लागते आणि खाली १०,००० पर्यंत येते, त्यामुळे मोठ्या उत्पन्नवाल्यांना हा मुद्दा तितका लागू नाही.

एक बारीक युक्ती, आयटमाइज केलेली बेरीज स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा थोडी कमी असली तरी एएमटी लागणार असेल तर आयटमाइज करणं फायद्याचं ठरू शकतं, कारण स्टँडर्ड डिडक्शन एएमटीमध्ये पूर्ण उडतं पण घराचं व्याज टिकतं. शेड्यूल ए वर, म्हणजे आयटमाइजच्या फॉर्मवर, त्यासाठी एक बॉक्स आहे, टिक करायचा. सॉफ्टवेअर आपणहून सुचवेलच असं नाही, दोन्ही पद्धतीने करून बघा.

आता दुसरा गट, ज्यांच्याकडे एकही ऑप्शन नाही पण मोठा कॅपिटल गेन आहे. यांना २०२६ चा दणका सगळ्यात अनपेक्षित बसणार आहे. कॅपिटल गेनचे १५-२० टक्के दर एएमटीमध्येही तेच राहतात, त्यामुळे लोक म्हणतात मग मला काय फरक पडतो. फरक असा पडतो की गेन एएमटीच्या उत्पन्नात मोजला जातो आणि सूट खाऊन टाकतो, मग सूट गेली की तुमच्या पगाराच्या भागावर २६-२८ टक्के लागतात. जोडप्याचा पगार ३ लाख, जुने शेअर विकून ११ लाख लाँग टर्म गेन, स्टँडर्ड डिडक्शन. एएमटीचं उत्पन्न १४ लाख. २०२५ च्या नियमाने सूट १,००,१७५ उरायची आणि एएमटी यायचा सुमारे १,८०० डॉलर. २०२६ च्या नियमाने सूट शून्य आणि एएमटी सुमारे २९,६००. तेच लोक, तेच शेअर. आणि हेच शेअर अर्धे डिसेंबरात आणि अर्धे जानेवारीत विकले तर दोन्ही वर्षांत उत्पन्न ८,५०,००० च्या आसपास राहतं, सूट पूर्ण मिळते, एएमटी शून्य. महिनाभराच्या अंतराने तीस हजार. अर्थात मधल्या काळात शेअर पडला तर टॅक्स वाचवण्याच्या नादात आगीतून फुफाट्यात, ते ज्याचं त्याने ठरवायचं. सूट ज्या पट्ट्यात कमी होते तिथे वरच्या डॉलरवर खरा दर बघितला तर २८ चा ४२ टक्के होतो, आणि २० टक्केवाल्या गेनवरही सूट गेल्यामुळे १४ टक्के वर चढतात, म्हणजे ३४, त्यात ३.८ टक्के नेट इन्व्हेस्टमेंट इन्कम टॅक्स वेगळाच.

परत आयएसओकडे येतो कारण वेळेचा खेळ तिथे जास्त आहे. एक्सरसाइज शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत करा. का, तर वर्षभर भाव बघायला मिळतो. डिसेंबरपर्यंत शेअर आपटला तर त्याच वर्षात विकून टाकायचा, त्याच वर्षी विकला की एएमटीची भर पडतच नाही, जो काही फायदा झाला तो साधं उत्पन्न म्हणून नेहमीच्या टॅक्समध्ये. भाव टिकला तर ठेवायचा, पुढच्या जानेवारीत वर्ष पूर्ण होतं, ग्रँटपासून (ऑप्शन मिळाले त्या दिवसापासून) दोन वर्षंही झाली असतील तर लाँग टर्म दराने विकायचा आणि १५ एप्रिलला एएमटी भरायला त्यातलेच पैसे. नोव्हेंबरात एक्सरसाइज करणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही, एप्रिलमध्ये टॅक्स भरायचा तेव्हा शेअर विकला तर लाँग टर्म नाही. आणि एप्रिलमध्ये माझ्याकडे येऊन काही करता येईल का विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं, ३१ डिसेंबर गेला की दारं बंद.

शेअर ठेवून तो पुढच्या वर्षी पडला तर काय होतं हे २००० च्या डॉट-कॉम पडझडीत लोकांनी भोगलंय. कागदावरच्या नफ्यावर लाखोंचा एएमटी, आणि शेअरची किंमत कवडीमोल. एएमटीच्या हिशोबातला तोटाही वर्षाला इतर उत्पन्नातून ३,००० च्या वर वजा होत नाही. काँग्रेसने २००८ मध्ये अशा जुन्या थकलेल्या रकमा माफ केल्या, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

स्टार्टअपवाल्यांना अर्ली एक्सरसाइजची (व्हेस्ट व्हायच्या आधीच शेअर घ्यायची) सोय असेल आणि भाव अजून स्ट्राइक प्राइसइतकाच (ऑप्शनच्या ठरलेल्या किमतीइतकाच) असेल तर स्प्रेडच शून्य. फक्त ८३(बी) हे टॅक्स खात्याला द्यायचं पत्र ३० दिवसांच्या आत पाठवा. ३१ वा दिवस चालत नाही, कुणाचीही ओळख असली तरी.

पाचवं काम, पैसे वेळेवर भरणं. पगारातून जो टॅक्स कापला जातो त्याला एएमटीची काही कल्पना नसते. दंड टाळायचा तर मागच्या वर्षीच्या एकूण टॅक्सच्या ११० टक्के (मागच्या वर्षी एजीआय (रिटर्नवरचं समायोजित एकूण उत्पन्न) १,५०,००० च्या वर असेल तर, नाहीतर १०० टक्के) वेळेवर कापले जातील एवढं बघा, मग एप्रिलमध्ये ७७,००० एकदम भरले तरी दंड नाही. पण लक्षात घ्या, त्या वर्षी एएमटी भरला की पुढच्या वर्षीसाठी ११० टक्क्यांचा आकडा फुगतो, तेव्हा चालू वर्षाच्या ९० टक्क्यांचा हिशोब करून बघा, तो बहुतेक स्वस्त पडेल.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, तिथे स्टेटचा स्वतःचा ७ टक्के एएमटी आहे, शेड्यूल पी वर. फेडरलची मोकळी जागा काढली म्हणजे स्टेटची निघाली असं नाही, दोन्ही वेगळ्या काढा. आणि भारतातल्या एफडीवरचा टीडीएस फॉरेन टॅक्स क्रेडिट म्हणून घेत असाल तर एएमटीसाठी फॉर्म १११६ चा वेगळा हिशोब लागतो, सॉफ्टवेअर करतं, पण केलाय का ते उघडून बघा.

शेवटचं काम, क्रेडिट. हे मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे कारण इथे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. आयएसओमुळे भरलेला एएमटी हा एक प्रकारे ॲडव्हान्स आहे, तो पुढच्या वर्षांत फॉर्म ८८०१ वरून परत मिळतो, ज्या वर्षी तुमचा नेहमीचा टॅक्स एएमटीच्या टॅक्सपेक्षा जास्त असेल त्या वर्षी फरकाइतका. वापरला नाही तर पुढे जात राहतो, त्याला मुदत नाही. फक्त सॉल्ट, स्टँडर्ड डिडक्शन किंवा प्रायव्हेट ॲक्टिव्हिटी बाँडमुळे लागलेल्या एएमटीचं क्रेडिट मिळत नाही, आयएसओ आणि डेप्रिसिएशनसारख्या नुसत्या वेळेच्या फरकाचंच मिळतं. वरच्या ११ लाख गेनवाल्या जोडप्याचे २९,६०० म्हणूनच गेले ते गेले, आणि म्हणूनच त्या गटाला आधी हिशोब करणं जास्त गरजेचं आहे.

क्रेडिटसोबत दुसरी वही ठेवायची ती दोन खरेदी किमतींची. समजा २ डॉलरला एक्सरसाइज केलं, त्या दिवशी भाव ३२, नंतर ५० ला विकला. नेहमीच्या हिशोबात फायदा ४८, एएमटीच्या हिशोबात १८, कारण ३० वर तुम्ही आधीच एएमटी भरलाय. विकलेल्या वर्षी ६२५१ वर हे ३० वजा दाखवायचे, तेव्हा क्रेडिट भराभर सुटतं. हे ब्रोकरच्या १०९९-बी वर येत नाही. ब्रोकरला फक्त २ माहीत असतात.

आणि टॅक्सवाला बदलताना, किंवा सॉफ्टवेअर बदलताना, नव्याकडे मागच्या वर्षीचा ६२५१ आणि ८८०१ दोन्ही द्या, नुसता १०४० (मुख्य रिटर्न) देऊ नका. मागे एकजण आला, चार वर्षांपूर्वी मोठा एएमटी भरलेला, मधे दोन टॅक्सवाले बदललेले, ८८०१ पहिल्या वर्षानंतर कुणी भरलाच नव्हता. आम्ही ती वर्षं एकेक करून परत मांडली, जी रिटर्न अजून सुधारता येत होती ती सुधारली, सर्वसाधारणपणे भरल्यापासून तीन वर्षं मिळतात. उरलेलं क्रेडिट पुढे ओढलं. तो अजूनही दरवर्षी थोडं थोडं परत घेतोय, आणि दर जानेवारीत मला मेसेज करतो की ८८०१ विसरू नकोस.